चेकनट काही तपासतो का?

प्रश्न : मी बावीस वर्षं प्लंबिंगची कामं करतो. आमच्या कामात चेकनट असतो, चेक व्हॉल्व्ह असतो. गावाकडे ओढ्यावर चेक डॅम झालाय. नववीतली मुलगी परवा म्हणाली, "बाबा, चेक म्हणजे तपासणं ना? मग नट काय तपासतो?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?
– एक वाचक, काळाचौकी

तुमचं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला सारली. १९८४ ते २०२२, अडतीस वर्षं मी बँकेत काढली. दिवसाला पाचपन्नास वेळा चेक हा शब्द तोंडात असायचा, पण हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

तिला सांगा, इंग्रजीत चेक या क्रियापदाचा आधीचा अर्थ तपासणं नाही, अडवणं आहे. रोखणं, थोपवणं, लगाम घालणं. चौदाव्या शतकापासून ते या अर्थाने वापरात आहे. ताडून पाहणं, तपासणं हा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीस येऊन मिळाला. पुढे तोच अर्थ मोठा झाला आणि जुना मागे पडला. पण कारागिरांच्या हत्यारांच्या आणि सुट्या भागांच्या नावांत जुना अर्थ तसाच राहिला. तुमच्या पिशवीतला चेकनट त्यातलाच. पहिला नट आवळून झाला की त्याच्या पाठीला टेकवून दुसरा आवळायचा, म्हणजे हादऱ्याने पहिला सैल होत नाही. दुसरा नट पहिल्याला अडवून धरतो. एवढंच त्याचं काम आणि तेच त्याचं नाव.

चेक व्हॉल्व्हचंही तेच. तुम्ही मंडळी त्याला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणता. आमच्या इमारतीत सकाळी पंप बंद झाला की तळमजल्यावर 'ठक्' असा आवाज येतो. लहानपणी माझा मुलगा त्या आवाजाला घाबरायचा. गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढलेल्या पाइपातलं पाणी पंप थांबताच खाली यायला निघतं, आणि आतली झडप त्याच्याच रेट्याने मिटते. तो आवाज तिचा. पाणी वर जाताना वाट द्यायची, परत फिरताना अडवायचं. चेक डॅमसुद्धा ओढ्याचं पाणी तपासत नाही, धावतं पाणी अडवून त्याचा वेग मोडतो. त्याला आपल्याकडे बंधारा हा अगदी नेमका शब्द आहे आणि गावात अजून तोच चालतो, ही चांगली गोष्ट आहे.

मुलीला घेऊन कधी सीएसएमटीला गेलात तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून रूळ बघा. जिथे एक मार्ग दुसऱ्याला छेदून जातो तिथे मुख्य रुळाला आतल्या बाजूने चिकटून रुळाचाच एक छोटा तुकडा टाकलेला असतो. त्याला रेल्वेवाले चेक रेल म्हणतात. रुळातल्या फटीवरून जाताना चाक भलत्या वाटेला जाऊ नये म्हणून हा तुकडा त्याला आतून धरून ठेवतो. आपण रोज ज्या लोकलमध्ये लोंबकळतो तिची चाकं त्या तुकड्याच्या भरवशावर सरळ जातात.

आता अडवणं हा अर्थ कुठून आला ते सांगते, कारण मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. तो आला बुद्धिबळाच्या पटावरून. आपल्या देशातलं चतुरंग इराणात गेलं, तिथे त्याचं चत्रंग झालं. इराण जिंकल्यावर अरबांनी ते उचललं, त्यांच्या जिभेवर त्याचं शतरंज झालं, आणि त्यांच्याबरोबर ते युरोपात पोचलं. फारसीत राजाला म्हणतात शाह. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर चाल करून गेलात की तोंडाने सांगायचं, "शाह!" म्हणजे राजा सांभाळ. ही हाळी लॅटिनमध्ये जाऊन वाकली, जुन्या फ्रेंचमध्ये तिचं एशेक झालं, आणि नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून ती इंग्लंडमध्ये उतरली तोवर तिचा चेक झाला होता. खेळाचं चेस हे नावही त्याच शब्दाच्या अनेकवचनातून आलं आहे.

तीच हाळी आपल्याकडे फारसीतून सरळ आली आणि तिचा शह झाला. म्हणजे इंग्रजीतलं चेक देणं आणि मराठीतलं शह देणं हे भाषांतर नाही, तो एकच शब्द आहे. एक जवळच्या वाटेने घरी आला, दुसरा अर्धी दुनिया फिरून बोटीने आला. वर्तमानपत्रात 'शह-काटशहाचं राजकारण' असं वाचाल तेव्हा हे आठवा.

राजाला शह बसला की दुसरी कुठलीही चाल करता येत नाही. हत्ती पुढे काढायचा बेत असो की घोडा मारायचा, सगळं जागच्या जागी थांबतं. आधी राजा वाचवा. या थांबण्यातूनच चेकला अडवण्याचा, रोखण्याचा अर्थ आला. एखाद्याचा राग आवरणं, घोड्याचा वेग रोखणं, खर्चाला लगाम घालणं, सगळ्याला इंग्रजीत चेक चालू लागलं. मग अडवून बघणं आलं, आणि शेवटी नुसतं बघणं.

चेकमेटचा दुसरा अर्धा भागही आपल्याकडे आहे. फारसीत शाह मात. पुष्कळजण त्याचा अर्थ 'राजा मेला' असा सांगतात, कारण अरबीत मात म्हणजे मेला. पण फारसीतल्या मातचा अर्थ हतबल, कोंडीत सापडलेला असा आहे, आणि मला तोच पटतो. बुद्धिबळात राजा कधी मरत नाही, त्याला पटावरून उचलत नाहीत. त्याला हलायला जागा उरत नाही, एवढंच. आपण 'अडचणींवर मात केली' म्हणतो तेव्हाही अडचण नाहीशी झालेली नसते, तिची बाजू संपलेली असते.

मी हा खेळ गिरगावात चाळीच्या गॅलरीत शिकले. १९७६ साली रोहिणी खाडिलकर वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या मुलींनीही पट मागून घेतला. शेजारचे आजोबा खेळताना "शह" इतक्या हळू म्हणायचे की ऐकू येऊ नये. आम्ही भांडायचो, की मोठ्याने म्हणा, नाहीतर चाल बाद. आज वाटतं, आमची मागणी रास्त होती. तो शब्द जन्मलाच मुळी मोठ्याने म्हणण्यासाठी.

प्रश्न : मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे की बँकेचा चेक हा शब्द फारसी 'चक' किंवा अरबी 'सक्क' यावरून आला. तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारतो. खरं आहे का?
– एक वाचक, विलेपार्ले

मजकुरातलं अर्धं खरं आहे. अरबी व्यापारात सक्क नावाची पैसे देण्याची लेखी चिठ्ठी होती. फारसीत चक म्हणजे लेखी दस्त, हेही बरोबर. शब्द कानाला इतके जवळचे लागतात की मोह होतो. पण इंग्रजीतले जुने कागद वेगळी वाट दाखवतात.

ही वाट नीट बघण्यासारखी आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मेजावर होत असे. त्या खात्याच्या खजिनदारानेच मेजाचं वर्णन लिहून ठेवलं आहे : साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, वर काळं कापड आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांत गोट्या मांडायच्या. एका रकान्यात पेन्स, दुसऱ्यात शिलिंग, तिसऱ्यात पौंड, मग विसा, शेकडे, हजार. जिल्ह्याचा अधिकारी एका बाजूला, राजाची माणसं दुसऱ्या बाजूला, मध्ये गोट्या सरकताहेत. बघणाऱ्याला बुद्धिबळाचा पट आठवला तर नवल नाही. पटाला लॅटिनमध्ये स्काकारियम म्हणत, त्यावरून मेजाचं आणि मग खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो, म्हणजे शब्दशः पटाचा कारभारी.

याच खात्यात पावती म्हणून लाकडाच्या काठ्या वापरत. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरून दोन भाग करायचे. एक देणाऱ्याकडे, एक खात्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जुळवायचे. खाचेला खाच आणि लाकडाच्या रेषेला रेष भिडली तर खरं. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. मग साठलेल्या काठ्यांचं काय करायचं म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळल्या. धुराड्यं तापली आणि त्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीचा बराचसा भाग जळून गेला.

कागद आल्यावर काठीची जागा कागदाने घेतली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत चेक म्हणत ते आपण ज्याला काउंटरफॉइल म्हणतो त्याला : कागद फाडून दिल्यावर वहीत उरतो तो तुकडा. कुणी फाडलेल्या कागदावरची रक्कम बदलून आणली तर वहीतला तुकडा ती लबाडी अडवणार, म्हणून तो चेक. बघा, इथे अडवणं आणि तपासणं एकाच तुकड्यावर भेटतात. पुढे नाव तुकड्यावरून मूळ कागदावर सरकलं. एक्सचेकरच्या धाकाने ब्रिटिशांनी स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई लावलं, तेच आपण घेतलं. अमेरिकेत आजही साधं सी-के आहे.

तेव्हा चेकचं फारसी नातं खरं आहे, पण ते चकशी नाही, शाहशी आहे.

माझ्या पिढीच्या ग्राहकांना हा वहीतला तुकडा फार महत्त्वाचा. तारीख, कुणाला, किती, बाकी किती, सगळं टाकाने लिहिलेलं. गिरगावातले एक निवृत्त मास्तर नवीन चेकबुक घ्यायला यायचे तेव्हा जुन्याचा सांगाडा दोऱ्याने बांधून सोबत आणायचे. मी विचारलं, "हे कशाला आणता मास्तर?" म्हणाले, "तुमच्या पासबुकाशी जुळवायला." आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसून ओळीनओळ जुळवायचे.

चेकला मराठीत धनादेश म्हणतात, शब्द चांगला आहे, छापील फॉर्मवर शोभतो. पण मला त्याहून अभिमान आहे तो आपल्या क्रियापदाचा. चेक वटतो. हुंडी वटायची, तसाच चेकही वटला. त्यासाठी कुणाला समिती नेमावी लागली नाही.

प्रश्न : वडिलांनी अमेरिकेच्या एका संस्थेचा फॉर्म भरला. त्यात 'योग्य तो चौकोन चेक करा' असं होतं. त्यांनी सगळे चौकोन नीट वाचले आणि कोरे ठेवले. फॉर्म परत आला. चूक कुणाची?
– एक वाचक, दादर

तुमच्या वडिलांची नाही. आपण शिकलो ते ब्रिटिश इंग्रजी. त्यात बरोबरच्या खुणेला टिक म्हणतात. अमेरिकेत त्याच खुणेला चेक म्हणतात, आणि चौकोन चेक करणं म्हणजे त्यात ती खूण करणं. तिथे हॉटेलातलं बिलही चेक, आणि विमानतळावर बॅग चेक करणं म्हणजे ती उघडून बघणं नव्हे, सामानात देऊन टाकणं. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आईवडिलांना एवढं आधी सांगून ठेवावं.

आणखी एक, बोलताना चुकतं म्हणून. वस्तू चेक करणं वेगळं आणि वस्तूसाठी, म्हणजे 'फॉर' लावून, चेक करणं वेगळं. पहिल्यात वस्तू समोर असते, ती ठीक आहे का ते बघायचं. दुसऱ्यात ती आहे की नाही ते शोधायचं. निबंध चेक करायचा, आणि चुकांसाठी चेक करायचा. माणसापुढे 'विथ' लावलं की त्याला विचारून घ्यायचं, 'ऑन' लावलं की तो बरा आहे ना ते बघून यायचं. शेजारच्या आजींना विचारायचं आहे की त्यांची खुशाली बघायची आहे, हे त्या एका छोट्या शब्दावर ठरतं.

प्रश्न : चेक प्रजासत्ताक या देशाचा आणि चेकचा काही संबंध आहे का? आणि चेक्सच्या शर्टाचा?
– इयत्ता सातवी, ठाणे

देशाचा नाही, बाळा. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे. आपल्या लिपीत दोन्ही सारखे दिसतात, इंग्रजीत स्पेलिंग अगदी वेगळं आहे. शर्टाचा मात्र आहे. त्यावरचे चौकोन म्हणजे बुद्धिबळाचा पटच. तुझ्या पणजीला विचारलंस तर ती त्या कापडाला चौकड्याचं म्हणेल. तुझ्या घरापासून जवळ मुलुंड चेकनाका आहे, त्या नावातला चेकही हाच. तिथे पूर्वी मुंबईत येणारे ट्रक अडवायचे आणि माल तपासून जकात घ्यायचे, म्हणजे त्या नाक्यावर चेकचे दोन्ही अर्थ शेजारी उभे होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोलही बंद झाला. पण मुलुंडला रिक्षात बसून "चेकनाका" म्हटलंस की रिक्षावाला अजून बरोबर तिथेच सोडतो.

प्रश्न : माझा मुलगा सगळ्याला 'चेक कर' म्हणतो. आई, दूध चेक कर. बाबांचा मेसेज चेक कर. गॅस बंद आहे का चेक कर. मी रागावले की म्हणतो, दुसरा शब्द सांग. मला पटकन सुचत नाही. तुम्ही सांगा.
– एक वाचक, डोंबिवली

तुम्हाला सुचतो, ताई. फक्त तुम्ही एक शब्द शोधताय, आणि आपल्याकडे एक नाही, पंधरा आहेत. दूध उतू जातंय का ते बघायचं. नासलंय का ते वास घेऊन, चाखून बघायचं. मेसेज वाचायचा. गॅस बंद आहे ना याची खात्री करायची. भात शिजला का ते शीत चेपून बघायचं. तांदूळ निवडायचे. खिशात किल्ली आहे का ते चाचपायचं. पैसे मोजून घ्यायचे. नाडी बघायची. सोनं कसाला लावायचं. वही तपासायची. ऐकलेल्या गोष्टीची शहानिशा करायची. प्रत्येक शब्दात हात, डोळा, नाक, जीभ यांतलं काहीतरी वेगळं कामाला लागतं. चेक म्हटलं की नेमकं काय करायचं ते कळत नाही, फक्त काहीतरी करायचं एवढं कळतं.

मी चेक शब्दाच्या विरुद्ध नाही. वर लिहिलंच आहे की तो आपल्या शहाचाच भाऊ आहे. पण तो मराठीत आला तो पाहुण्यासारखा. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना आपण सरळ क्रियापदाचं शेपूट लावलं : बदलचं बदलणे, खर्चचं खर्चणे, फर्मानचं फर्मावणे. त्यांची रूपं घरच्या क्रियापदांसारखी चालतात. इंग्रजी क्रियापदाला मात्र आपण 'करणे'ची काठी देतो. चेक करणे, मिस करणे, सेव्ह करणे. चेकणे कुणी म्हणत नाही. ज्या शब्दाला शेपूट नाही त्याला अर्थाच्या छटाही फुटत नाहीत, असं मला अनुभवाने वाटतं. आणि तो रोज वापरला की घरचे शब्द हळूहळू कोपऱ्यात जातात. बँकेतल्या शेवटच्या वर्षांत नवीन मुलं यायची, हुशार, मनमिळाऊ. मी म्हणायचे, "ही यादी जरा ताडून बघ." ती माझ्याकडे बघत राहायची.

या सगळ्यांतला एक शब्द मात्र मला हरवू द्यायचा नाही, तो म्हणजे पडताळणे. पडसाद, पडछाया या शब्दांतला जो 'पड', तोच पडताळ्यातला. तो आला संस्कृत 'प्रति'वरून. प्रति म्हणजे उलट बाजूचा, जोडीचा. आणि ताळा म्हणजे मेळ. शाळेत आम्ही उत्तराचा ताळा करायचो. आई नवाचा ताळा करायची. चौतीस गुणिले बारा, उत्तर ४०८. मग तीन आणि चार सात, एक आणि दोन तीन, सात त्रिक एकवीस, दोन आणि एक तीन. उत्तराकडून चार, शून्य, आठ मिळून बारा, एक आणि दोन तीन. इकडे तीन, तिकडे तीन. आई पाटीवर दोन्ही तीन गोल करायची आणि मग पाटी माझ्याकडे द्यायची. पडताळणं म्हणजे हे : एका गोष्टीकडे निरखून बघणं नव्हे, तिची जोडीची दुसरी गोष्ट आणून शेजारी ठेवणं. चिरलेल्या काठीचे दोन भाग जुळवणं आणि वहीतला तुकडा चेकला लावून बघणं हेच होतं.

मला हा फरक बँकेत कळला. १९८६ साल असेल. लेजरवर बसायचे. पितळी टोकनं, जाड लेजरं, आणि नमुना सह्यांच्या कार्डांचा लोखंडी खण. एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा चेक आला, रंगकामाच्या ठेकेदाराच्या नावे. सेक्रेटरी आणि खजिनदार, दोघांच्या सह्या. सेक्रेटरींची सही मी दोन वर्षं दर आठवड्याला बघत होते, डोळे मिटून ओळखली असती. खात्यात पुरेशी बाकी होती, तारीख बरोबर, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत होती. मी पोस्टिंग, म्हणजे लेजरात नोंद, करून चेक तो मंजूर करणाऱ्या पासिंग ऑफिसरांकडे दिला.

त्यांनी चेक हातात धरला आणि विचारलं, "बाई, सही बघितलीत की पडताळलीत?"

मी म्हटलं, "बघितली साहेब. त्यांचीच आहे."

"त्यांची आहे हे मलाही दिसतंय. कार्ड काढा."

मी खण उघडला. सोसायटीचं कार्ड काढलं. त्याला एक टाइप केलेला ठराव टाचलेला होता, आठ दिवसांपूर्वीचा. सोसायटीची निवडणूक झाली होती, सेक्रेटरी बदलले होते. जुन्या सेक्रेटरींची सही खरी होती, त्यांच्याच हातची होती, आणि त्या खात्यावर तिला आता काही किंमत नव्हती. साहेबांनी लाल शाईने पोस्टिंगवर रेघ मारली, माझी छोटी सही घेतली आणि चेक परत पाठवला. पुढे ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मी मात्र त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कार्डांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतल्यावरसुद्धा, सही आणि नमुना शेजारी शेजारी आल्याशिवाय एकही चेक पुढे सोडला नाही. संगणकावर तर एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, मेकर आणि चेकर. मी चेकरच्या खुर्चीत बसायचे तेव्हा माझ्या डोक्यात चेकर हा शब्द नसायचा, साहेबांचा प्रश्न असायचा.

तेव्हा ताई, मुलाला रागावू नका. मेसेज चेक कर म्हणाला तर म्हणू द्या. पण या महिन्याचं विजेचं बिल आलं की ते त्याच्या हातात द्या. त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग छापलेलं असतं. त्याला जिन्याखालच्या मीटरपाशी पाठवा, मीटरवरचा आकडा कागदावर लिहून आणायला सांगा. बिलासाठी रीडिंग घेतल्यानंतर वापरलेले युनिट थोडे वाढलेले असतील, तेही त्याला हिशेबात धरायला लावा. मागच्या महिन्याचं बिलही काढून द्या, त्यातलं चालू रीडिंग हेच या महिन्याचं मागील रीडिंग असायला हवं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवू द्या, आणि मग त्याला विचारा, हे काय केलंस?